सात मिनिटांचा ऐवज

टॉम अँड जेरी बघताना जो माणूस हसत नाही, तो एक तर आजारी असतो किंवा संग्राहक. आजारी माणूस निदान बरा तरी होतो.

संग्राहक ओळखायला सोपा. टॉमच्या डोक्यावर इस्त्री पडते, तोंडाचा सपाट त्रिकोण होतो, घरातली पोरं हसून लोळायला लागतात आणि हा गृहस्थ टीव्हीपासून हातभर अंतरावर बसून म्हणतो, “पिवळा जरा जास्त झालाय. लेझरडिस्कवर एवढा नव्हता.” एक कार्टून संपून दुसरं लागायच्या मधल्या वेळात बाकीची मंडळी पाणी प्यायला उठतात. हा नेमका तेव्हाच सावरून बसतो, चष्मा पुसतो. त्याचा कार्यक्रम आता सुरू होणार असतो. पडद्यावर नावं येणार असतात.

हे सगळं मी बाहेरून निरीक्षण करून लिहितोय असा कोणाचा समज झाला असेल, तर तो राहू द्यावा.

मुळात ही कार्टून जपून ठेवायची वस्तू नव्हतीच. अमेरिकेत १९३० पासून पुढची दोन-तीन दशकं सिनेमाला गेलेल्या माणसाला मुख्य चित्रपटाच्या आधी एखादा वार्तापट आणि सहा-सात मिनिटांचं एक कार्टून दाखवत. तिकीट चित्रपटाचं; कार्टून फुकट. एकट्या वॉर्नर ब्रदर्सने १९३० ते १९६९ या काळात अशी हजाराच्या आसपास बनवली. टेक्स एव्हरी, चक जोन्स, बॉब क्लॅम्पेट ही आज ज्यांची नावं घेताना आम्ही कानाच्या पाळीला हात लावतो ती मंडळी तेव्हा स्टुडिओच्या आवारातल्या एका वाळवी लागलेल्या लाकडी इमारतीत बसून चित्रं काढत. आठवड्याने चित्रपट उतरला की कार्टूनही उतरे. पन्नास वर्षांनी कोणी माणूस त्यातल्या सशाच्या हातमोज्याचा पांढरा रंग पुरेसा पांढरा आहे की नाही यावरून रात्रभर भांडेल, असं त्यांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी त्यावरही एक कार्टून केलं असतं.

आपल्याकडेही ती तशीच आली आणि तशीच गेली. मुंबईत धोबीतलावचं मेट्रो हे १९३८ मध्ये खुद्द मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने उघडलेलं थिएटर, आणि टॉम अँड जेरी ही त्याच कंपनीची प्रजा. मुलांसाठी तिथे मेट्रो कब क्लब चालायचा. म्हणजे ज्या टेक्निकलर प्रिंटसाठी आज अमेरिकेतले संग्राहक घर गहाण टाकायला निघतात, त्या प्रिंट गिरगावातल्या पोरांनी चड्डीत बसून भल्यामोठ्या पडद्यावर बघितल्या. त्या पिढीतले एक आजोबा मला एका बारशाला भेटले. मी श्वास रोखून विचारलं, “आजोबा, सुरुवातीला सिंह डरकाळी फोडायचा ना, त्याच्या मागचा रंग नेमका कोणता असायचा, आठवतंय?” आजोबांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले ठेवले. मग म्हणाले, “तिथलं आइस्क्रीम फार छान होतं रे.”

अशा साक्षीदारांवर इतिहास उभा आहे.

आता त्या नावांचं प्रकरण सांगतो, कारण ते कळल्याशिवाय संग्राहक कळत नाही. १९४३ पासून वॉर्नरने आपली जुनी गाजलेली कार्टून ‘ब्लू रिबन’ या मथळ्याखाली पुन्हा थिएटरांत आणायला सुरुवात केली. तसं करताना मूळ शीर्षकाचा तुकडा कापून टाकला आणि त्या जागी निळ्या फितीचं नवं पान जोडलं. त्यात अनेकदा दिग्दर्शकाचं नाव नाही, अ‍ॅनिमेटरचं नाही, कथा कोणाची तेही नाही. कापलेला तुकडा जपून ठेवावा असं कोणाच्या मनात आलं नाही. यायचं काही कारणही नव्हतं. परिणाम असा, की आज एरवी शहाणीसुरती, आयकर वेळेवर भरणारी माणसं त्या पंधरा-वीस सेकंदांच्या मागावर फिरत आहेत. लग्न लागलं, पंगती उठल्या, नवरा-नवरीला नातवंडं झाली. आणि हा मात्र मूळ लग्नपत्रिका कुठे मिळेल म्हणून गावभर विचारत सुटलाय. मिळाली की धापा टाकत परत येतो आणि सांगतो, “बघा, निमंत्रकांत मामांचं नाव होतं!” मामा केव्हाच वारलेले असतात. पण होतं, हे महत्त्वाचं.

एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या तळघरातून मूळ शीर्षकासकट सोळा मिलिमीटरची प्रिंट निघाली, की या जगात दिवाळी असते. त्या प्रिंटमध्ये पुढे कार्टूनही असतं. ते कोणी बघत नाही.

सोळा मिलिमीटर म्हटलं की जुने संग्राहक हळवे होतात. व्हिडिओ कॅसेट यायच्या आधी कार्टून घरी ठेवायचं म्हणजे फिल्मचं रीळच घ्यावं लागे. कॅसल फिल्म्ससारख्या कंपन्या आठ आणि सोळा मिलिमीटरची रिळं खोक्यात घालून दुकानात विकत. वुडी वुडपेकरची चोच बऱ्याच अमेरिकन दिवाणखान्यांत अशी पोचली. फिल्मचा संग्राहक नाकाने बघतो. डबा उघडला की आधी हुंगतो. अ‍ॅसिटेटची फिल्म सडायला लागली की तिला व्हिनेगरचा आंबूस दर्प येतो, आणि एका डब्याला आला की शेजारच्या डब्यांनाही लागण व्हायची भीती. मग तो रंग बघतो. ईस्टमनकलरच्या जुन्या प्रिंटमधला निळा-हिरवा आधी उडून जातो आणि उरतो तो गुलाबी. आभाळ गुलाबी, गवत गुलाबी, कोयोट गुलाबी. टेक्निकलर कंपनीच्या रंग छापलेल्या प्रिंट मात्र वर्षानुवर्षं टवटवीत राहतात. त्यामुळे फिल्मवाले संग्राहक एकमेकांना भेटले की तब्येत वगैरे न विचारता थेट “टेक्निकलर आहे का?” असं विचारतात, आणि “आहे” म्हणणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

हा छंद निरुपद्रवी आहे असं कोणाला वाटेल. अमेरिकेच्या एफबीआयला तसं वाटलं नव्हतं. १९७४ च्या डिसेंबरात त्यांनी रॉडी मॅकडॉवल या नावाजलेल्या अभिनेत्याच्या घरावर छापा घालून त्याची रिळं आणि कॅसेटी उचलून नेल्या. पुढे त्याच्यावर खटला भरला नाही, पण संग्राहकांनी धडा घेतला. तो धडा म्हणजे पडदे ओढून घेणे.

मग कॅसेट आली, आणि पाठोपाठ लेझरडिस्क. ही लेझरडिस्क आपल्याकडे फार कोणी पाहिली नाही. ग्रामोफोनच्या तबकडीएवढी, चकचकीत, जड. १९९१ पासून निघालेल्या ‘गोल्डन एज ऑफ लूनी ट्यून्स’ या लेझरडिस्क संचांबद्दल बोलताना जुन्या संग्राहकांचा आवाज अजून खाली येतो. गंमत म्हणजे त्या संचांत ठरावीक सालापर्यंतचाच बग्ज बनी असायचा. कारण १९५६ मध्ये वॉर्नरने १९४८ च्या मध्यापर्यंतची बहुतेक रंगीत कार्टून एका टीव्हीवाल्या कंपनीला विकून टाकली होती, आणि पुढे ती या कंपनीकडून त्या कंपनीकडे फिरत राहिली. ससा तोच, गाजर तेच, पण १९४६ चा ससा एका मालकाचा आणि १९५० चा दुसऱ्याचा. दोघं एका छपराखाली आले ते १९९६ मध्ये, कंपन्यांचंच विलीनीकरण झालं तेव्हा. भाऊबंदकीचे खटले ज्यांनी पाहिलेत त्यांना चाळीस वर्षं फार वाटणार नाहीत.

याच सुमारास डिजिटल साफसफाई करणारं एक तंत्र आलं. डीव्हीएनआर. हा अक्षरसमूह संग्राहकासमोर उच्चारू नये. त्याचा रक्तदाब वाढतो. या तंत्राचं काम जुन्या फिल्मवरचे ओरखडे आणि धूळ पुसायचं. आता ओरखडा ओळखायचा कसा? तर एका चौकटीत आहे आणि पुढच्या चौकटीत नाही, अशी रेघ म्हणजे ओरखडा. हिशेब सरळ आहे, आणि हाडामांसाच्या नटांच्या चित्रपटात तो बऱ्यापैकी चालतो. पण कार्टून हे अथपासून इतिपर्यंत रेघांचंच असतं, आणि पळत्या उंदराची रेघ या चौकटीत असते ती पुढच्या चौकटीत नसतेच. नसते म्हणून तर तो पळतो. यंत्राने प्रामाणिकपणे कोणाच्या मिश्या पुसल्या, कोणाच्या कानाची कड खाल्ली, कोणाचे धावते पाय धुवून नेले. जो जास्त जोरात पळेल तो जास्त पुसला जाई. न हलणारं मागचं झाड मात्र लख्ख.

हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी एकेक चौकट थांबवून बघावी लागते. सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे सात मिनिटांत दहा हजारांच्या वर. मी एका रविवारी अशी तपासणी करत असताना बायकोने दारातून विचारलं, “काय बघताय?”

“हा कान. आता बघ, या चौकटीत आहे. आणि आता... गेला!”

“मग?”

“मग काय? गेला!”

ती थोडा वेळ थांबली. तिला वाटलं असावं की पुढे काही विनोद आहे. मग म्हणाली, “अहो, तेवढ्या वेळात पंखे पुसून झाले असते.” आणि वर, “पुसताना पाती जाणार नाहीत एवढी काळजी मी घेईन.” डीव्हीएनआरवर इतकी नेमकी टीका मी जाणकारांकडूनही ऐकलेली नाही.

यंत्राला नावं ठेवताना माणसांनी काय केलं तेही सांगायला हवं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत घरोघर रंगीत टीव्ही आला आणि वॉर्नरची कृष्णधवल कार्टून एकदम शिळी वाटू लागली. तेव्हा संगणकाने रंगवायची सोय नव्हती. म्हणून ती दक्षिण कोरियात पाठवून हाताने पुन्हा गिरवून घेतली. खर्च वाचावा म्हणून गिरवताना मधल्या चौकटी गाळल्या. पोर्की पिग रंगीत झाला, पण त्याच्या हालचालीत संधिवात शिरला. या प्रती इतक्या वाईट आहेत की संग्राहक त्या आवर्जून ठेवतो. कुठल्याही बऱ्या संग्रहात एका कार्टूनच्या तीन प्रती असतात: चांगली, वाईट, आणि ऐतिहासिकदृष्ट्या वाईट. पाहुण्यांना तिसरी दाखवतात.

डीव्हीडीचा काळ हा आमचा सुवर्णकाळ. २००३ ते २००८ या वर्षांत ‘लूनी ट्यून्स गोल्डन कलेक्शन’चे सहा संच आले, दर संचात चार डिस्क. डिस्नेने २००१ पासून ‘वॉल्ट डिस्ने ट्रेझर्स’ काढली, तीही पत्र्याच्या डब्यात, डब्यावर क्रमांक, आत प्रमाणपत्र, आणि सुरुवातीला लेनर्ड मॉल्टिन हे समीक्षक येऊन आपण काय बघणार आहोत ते अदबीने सांगणार. आता मराठी घरात पत्र्याचा डबा आला, की त्यात काय ठेवलंय याला फारसं महत्त्व नसतं. काय ठेवता येईल याला असतं. माझ्या आईने त्या डब्यात सुया, बटणं आणि ब्लाउजचे हूक ठेवले. डिस्क तिने फेकल्या नाहीत, “तुझ्या त्या तबकड्या” म्हणून वर्तमानपत्रात नीट गुंडाळून ठेवल्या. प्रमाणपत्राच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी होती. यादीत क्रमांक घातलेले होते, हे मान्य करायला हवं.

पण भारतातल्या संग्राहकाची खरी परीक्षा त्याआधीच झालेली असते. डीव्हीडी बनवणाऱ्यांनी जगाचे विभाग पाडले: अमेरिका पहिल्यात, आपण पाचव्यात, रशिया आणि आफ्रिकेच्या बऱ्याचशा देशांसोबत. पहिल्या विभागाची तबकडी पाचव्या विभागाच्या प्लेअरला चालत नाही. त्यातून अमेरिकेचा टीव्ही एनटीएससी, आपला पाल. मग कुठला तरी जाणकार तुम्हाला रिमोटवरची गुप्त बटणं दाबायचा मंत्र सांगतो, तो एका दमात आणि बरोबर क्रमाने म्हणावा लागतो, आणि प्लेअर प्रसन्न झाला तर विभाग सुटतो. ब्लू-रे आल्यावर पुन्हा नवे विभाग पडले. रोड रनरच्या मागे लागलेला कोयोट अ‍ॅक्मी कंपनीकडून रॉकेटपासून ऐरणीपर्यंत काहीही वाळवंटात मागवतो, ते मुकाट पोचतं, लागलीच चालू होतं, आणि कस्टम्सची ड्यूटी कधीच लागत नाही. त्या मालिकेतली मला सर्वांत अशक्य वाटणारी गोष्ट हीच. कड्यावरून पडून जिवंत राहणं मी समजू शकतो.

त्यामुळे आमची भिस्त अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या बॅगांवर. माझा न्यू जर्सीचा मावसभाऊ असाच एकदा काही संच घेऊन विमानतळावर उतरला. कस्टम्सच्या साहेबांनी विचारलं, “यह क्या है?”

“कार्टून.”

“बच्चों के लिए?”

मावसभाऊ सत्यवचनी. माझं वय त्याला ठाऊक. म्हणाला, “नहीं साहब, बड़ों के लिए.”

पुढचा तासभर काय झालं ते तो मला अजून नीट सांगत नाही. एवढंच कळलं, की मोठ्यांसाठीची कार्टून म्हटल्यावर बॅग तळापर्यंत उपसली गेली आणि आवरणावरची खास बाब म्हणून छापलेली ‘अनकट’ ही अक्षरं फारशी उपयोगी पडली नाहीत.

अनकट हा मात्र थट्टेवारी नेण्यासारखा विषय नाही. या कार्टूनांमध्ये कृष्णवर्णीयांची, जपान्यांची, इतर अनेकांची जी चेष्टा आहे ती आज बघवत नाही, आणि तेव्हाही ती ज्यांच्या वाट्याला आली त्यांना बघवत नसणार. अकरा कार्टून तर १९६८ मध्येच टीव्हीवरून कायमची उतरवली गेली. गोल्डन कलेक्शनच्या तिसऱ्या संचात अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग स्वतः समोर येऊन सांगतात, की हे चुकीचं होतं, पण लपवलं तर ते घडलंच नाही असा बनाव होईल. मला ते पटतं. टॉम अँड जेरीच्या बाबतीत मात्र कंपनीचं धाडस अधूनमधून आटायचं. ‘माऊस क्लीनिंग’ आणि ‘कॅसानोव्हा कॅट’ या दोन कार्टूनांत तोंड काळं करून केलेले विनोद आहेत. ती दोन वगळून २०१३ मध्ये ब्लू-रेचा दुसरा खंड यायचा होता. संग्राहकांनी एवढा गदारोळ केला की तो खंडच आला नाही. १९४० ते १९५८ मधली सगळी ११४ कार्टून एकत्र मिळायला पुढे २०२५ उजाडलं. या लढ्यात इतिहासाची चाड किती आणि ‘माझ्या फळीवर दोन नंबर कमी’ ही कळ किती, हे कोणी विचारू नये. मी स्वतःला विचारलं होतं. उत्तर फळीच्या बाजूने झुकायला लागलं तेव्हा विषय बदलला.

कधी कोणी टोकतं, “हे सगळं अमेरिकन. आपल्याकडचं काय आहे तुमच्याजवळ?” तेव्हा संग्राहकाचा चेहरा पडतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा चित्रपट केला. त्यात काड्यांनाच नाचवलं होतं. तो आज उरलेला नाही. तेव्हाची नायट्रेट फिल्म ठिणगीलाही पेट घ्यायची, आणि तिच्यावर यांनी काय चित्रित केलं तर आगकाड्या! विजया मुळ्यांचा १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ मात्र दूरदर्शनच्या कृपेने अख्ख्या पिढीला पाठ आहे, तोही सात मिनिटांच्या आसपासचा. त्याचं अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. हे भीमसेन म्हणजे गाणारे नव्हेत, हे मला प्रत्येक वेळी सांगावं लागतं.

एवढ्या खटाटोपाने जमवलेलं तरी टिकतं का? लेझरडिस्कचा डिंक सुटून ती आतून सडते, हे जुनं दुखणं. २०२५ मध्ये वॉर्नरने मान्य केलं की त्यांच्या काही जुन्या डीव्हीडीही अशाच खराब होत आहेत. तेव्हापासून मी महिन्यातून एकदा सगळ्या डिस्क उजेडात धरून बघतो. चालत्या आहेत का, हे बघायला त्या लावाव्या लागतील; पण लावल्याने त्या झिजतील अशी भीती वाटते. डिस्क झिजत नसते हे मला माहीत आहे. भीतीला माहीत नाही.

सिएटलचा माझा पुतण्या ओंकार या सगळ्याला हसायचा. “काका, सगळं स्ट्रीमिंगवर आहे. डबे कशाला जमवता?” मग मार्च २०२५ मध्ये वॉर्नरच्याच मॅक्सवरून लूनी ट्यून्सची जुनी मूळ कार्टून एका फटक्यात काढून टाकली गेली. जगभरच्या संग्राहकांनी जाहीर हळहळ व्यक्त केली. खाजगीत पेढे वाटले. आठवड्याभरात ओंकारचा फोन.

“काका, मुलीला ते ऑपेराचं दाखवायचं होतं. ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’ तुमच्याकडे आहे ना?”

“कुठली प्रत हवी?”

“चालणारी.”

असल्या माणसाला काही द्यावं का, हा प्रश्नच आहे. पण नात मध्ये होती. मी सांगितलं, गोल्डन कलेक्शनच्या दुसऱ्या संचात आहे, पाठवतो. अमेरिकेतून मावसभावाने आणलेली डीव्हीडी पुन्हा अमेरिकेला. घरी प्लेअर आहे का, विचारलं. नव्हता. म्हणजे गुप्त मंत्राने सिद्ध केलेला प्लेअरही गेला असता. तो मी दिला नाही, त्याला जुन्या बाजारात शोधायला सांगितला. डिस्क कडांनी धरायची, शीर्षकं पुढे ढकलायची नाहीत, मुलीला सुरुवातीचा इशारा वाचून दाखवायचा, एवढ्या अटी घातल्या. सगळ्या मान्य झाल्या.

“पण काका,” ओंकारला जरा वाईट वाटलं असावं, “संच इकडे आला तर मग तुम्ही काय बघणार?”

“माझी काळजी करू नकोस. त्याचाच दुसरा संच आहे माझ्याकडे, सीलबंद.”

“मग ठीक आहे. तो बघाल तुम्ही.”

“वेडा आहेस का? तो फोडायचा नसतो.”